शाडूतली आक्का

पाऊस उघडला, रस्त्यावरचा चिखल वाळला, की ह्यांच्या पायाला भिंगरी लागायची. शनिवारी शाळा सकाळची. हे घरी आले, चार घास पोटात गेले, की पिशवी उचलून एस.टी. स्टँड. पन्हाळा, जोतिबा, नरसोबाची वाडी, खिद्रापूर, जी गाडी मिळेल ती. आमची लेक लग्न होऊन शिरोळला गेली तेव्हापासून घरात आम्ही दोघंच होतो, त्यामुळं कुलूप लावायचं आणि निघायचं. शेजारच्या विमलाबाई म्हणायच्या, "शालूबाई, तुमचं आपलं बरं आहे. कायम नवरा-नवरी." माझं काय बरं होतं ते माझं मला ठाऊक.

हे म्हणजे आकाराम मास्तर. शाळेत ड्रॉइंग शिकवायचे आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पुतळे करायचे. पुतळे म्हणजे छातीपर्यंतचे. दूध संस्थेचे चेअरमन, तालमीचे वस्ताद, कुठल्याशा सोसायटीचे संस्थापक. कमिटीची माणसं पासपोर्टएवढा फोटो घेऊन यायची आणि शेडमध्ये उभं राहून सांगायची, मिशा जरा दाट करा, नाक जरा सरळ करा, साहेब एवढे काळे नव्हते. पुतळा पितळेचा होणार असला तरी साहेब काळे नव्हते! हे मान डोलवायचे, मिशा दाट करायचे, आणि मग सगळी मळमळ सहलीत माझ्यापुढं बाहेर काढायचे.

खिद्रापूरच्या देवळात खांबाला पाठ लावून बसले की सुरू. "शाले, एवढे चेअरमन केले, पण अजून एक माणूस केला नाही बघ." मी भाकरीचं फडकं सोडत असायची. "एक तरी डोकं असं करायचंय की बघणाऱ्यानं हे कोण म्हणून विचारूच नये. त्याला वाटावं, आपण ह्याला ओळखतो." दरवर्षी हेच. बाहेर नदीकाठानं ऊस डुलतोय, आभाळ धुऊन काढल्यासारखं निळं, आणि नवरा त्याच्या न झालेल्या पुतळ्यांचं सुतक धरून बसलेला. मी म्हणायची, "आधी जेवा." दुसरं काय म्हणणार? पन्नाशी जवळ आली होती. मला वाटायचं, ज्याला करायचं असतं तो एव्हाना करून मोकळा होतो.

चौऱ्याहत्तर सालच्या पावसाळ्यात माझ्या सासऱ्यांना, आण्णांना, दम्यानं गाठलं. गडमुडशिंगीहून त्यांना कोल्हापूरच्या दवाखान्यात आणून टाकलं आणि सासूबाई आमच्याकडं राहायला आल्या. त्यांना सगळे आक्काच म्हणत, पोटचा मुलगासुद्धा. सकाळी डबा घेऊन दवाखान्यात जायच्या, दुपारी भिजून परत यायच्या, आणि मग सूप घेऊन शेडच्या दारात बसायच्या, कारण पावसाळ्यात घरात तेवढा एकच कोपरा उजेडाचा. तांदूळ निवडत बसायच्या. हात तांदळात, जीव दवाखान्यात. निवडून झालेलेच तांदूळ परत सुपात घेऊन निवडताना मी त्यांना कितीदा तरी पाहिलं.

ह्यांनीही पाहिलं. एक दिवस माती चढवायच्या चौकटीवरच्या अर्धवट वस्तादांना बाजूला ठेवलं आणि नवी शाडू मळायला घेतली. आक्कांना वाटलं, असेल कुणा चेअरमनचं काम. मुलाच्या कामात डोकवायचं नाही ही त्यांची रीत होती, आणि हेही असे उभे राहायचे की मातीचं तोंड आक्कांच्या बाजूला कधी यायचं नाही. मला म्हणाले, "तिला सांगू नकोस हं. सांगितलं तर ती माझ्यासाठी बसंल. आत्ता ती बसलेली न्हाई. नुसती हाय."

आण्णा बरे झाले. गणपतीच्या आधी दोघं गावाकडं परत गेली. हे मात्र शेडमधून बाहेर निघेनात. शाळा आणि शेड, शेड आणि शाळा. भाद्रपद कोरडा गेला तरी सहलीचं नाव नाही. मी मनातून खूश होते, म्हटलं, निदान भाकऱ्या बांधायच्या तरी वाचल्या.

मग एका सकाळी मला हाक मारली. मी ओल्या हातानंच गेले. ह्यांनी फडकी काढली आणि बाजूला झाले. आक्का होत्या. तोंड किंचित उघडं, खालचा ओठ एका बाजूला ओढलेला, पदर कानामागं सरकलेला आणि त्याची शुद्ध नसलेली. डोळे खाली होते, पण तांदळाकडं नव्हते. आत्ता कुणीतरी दारात येईल आणि काहीतरी सांगेल, आणि ते काय असेल ह्याची ती बाई वाट बघत होती. मला पहिल्यांदा वाटलं, आपण आत यायला नको होतं. मग मला रडूच आलं.

"काय झालं?" हे घाबरून म्हणाले.

"एवढी भीती वाटत होती हो त्यांना? माझ्या घरात राहत होत्या, आणि मला कळलंसुद्धा नाही."

हे स्टुलावर बसले आणि हसायला लागले. लग्नाला एवढी वर्षं झाली होती, तसं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

आता ह्या मातीची एक गोष्ट सांगायला हवी. शाडू ओली असेल तोवरच शहाणी. सुकली की आवळत जाते. आत लोखंडी सळी आणि लाकडाच्या पट्ट्यांचा सांगाडा असतो, तो काही आवळत नाही. मग वरची माती फाटते. म्हणून काम पुरं होऊन प्लास्टरचा साचा निघेपर्यंत तिच्यावर रात्रंदिवस ओली फडकी ठेवायची आणि वरून पाणी शिंपडायचं. आमच्याकडं त्यासाठी आण्णांची जुनी धोतरं फाडलेली होती. मऊ असतात, मातीला खरवडत नाहीत.

नवरात्र बसलं. घट गावाकडं बसायचे, त्यामुळं आमच्या बिऱ्हाडात आम्ही मोकळे. शनिवारी हे शाळेतून आले आणि म्हणाले, "चल, पन्हाळ्याला जाऊ. आता दोन दिवस त्या डोक्याकडं बघायचं न्हाई. नव्या डोळ्यानं बघितलं की चुका आपोआप दिसतात. आलो की शेवटचा हात, मग गुंडूला बोलवून साचा, आणि दिवाळी झाली की मुंबईच्या प्रदर्शनाला." गुंडू कुंभारगल्लीतला, ह्यांचा जुना दोस्त. साचे काढण्यात त्याचा हात धरणारा नव्हता.

फडकी नीट भिजवून, पिळून, एकावर एक गुंडाळली. विमलाबाईंकडं किल्ली दिली आणि दोनदा बजावलं, उद्या सकाळी वरूनच पाणी शिंपडा, फडकं काढू नका. ऊन मी म्हणत होतं. एस.टी.त बसलो तेव्हा पत्रा हाताला चटके देत होता, आणि वाघबीळ ओलांडलं तशी थंड झुळूक आत आली. घाटाच्या दोन्ही अंगाला सोनकी पिवळीधमक फुलली होती. ह्यांच्या शाळेतल्या निवृत्त हेडमास्तरांची वर एक खोली होती, तिथं उतरलो.

रविवारी सकाळी पुसाटी बुरुजावर जाऊन बसलो. खाली भाताची खाचरं पिकायला आली होती, हिरव्यात पिवळा रंग उतरला होता. ह्यांनी कागद-पेन्सिल पिशवीतून काढलीच नाही. अगदी हळू, कुणी ऐकू नये तसं म्हणाले, "शाले, मला वाटतंय, मला जमलंय."

"वाटतंय काय? जमलंय," मी म्हटलं.

मग हे सुटले. दवाखान्याच्या व्हरांड्यात बसलेली माणसं करायची आहेत. बाजारात माल न खपलेली, उन्हं उतरल्यावर पाटी उचलायच्या आधी क्षणभर बसलेली बाई करायची आहे. कमिटीचं काम आता घ्यायचं नाही. आला चेअरमन तर त्याला चहा पाजायचा आणि कुंभारगल्लीकडं पाठवायचा. "आक्कापासनं सुरुवात. आता मला कळलंय, कसं बघायचं ते." त्या दिवशी मी ‘आधी जेवा’ म्हटलं नाही. ऐकत राहिले. ह्या माणसाबरोबर संसार केला ह्याचा मला अभिमान वाटत होता, आणि तसं मी त्यांना सांगितलंही. ते लाजले. एवढा थोराड माणूस, कानापर्यंत लाल झाला.

संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी घरी पोचलो. दार उघडं. उंबऱ्यावर आक्का बसलेल्या, नाक लाल, डोळे सुजलेले.

"या. फिरून आलासा व्हय?"

"आक्का, तू कवा आलीस?" ह्यांचा आवाज बदललेला मला जाणवला.

"काल. तुमी गेलासा आन् मी आलो. तुझ्या बापासाठनं अंबाबाईची वटी भरली, म्हटलं ल्योकाचं तोंड बघावं. हितं बघती तर माझंच तोंड! सूप घ्याला शेडात गेलो तर फडकं गुंडाळलेलं. म्हटलं काय हाय, म्हनून जरा वर केलं."

हे पुढचं ऐकायला थांबलेच नाहीत. मी मागोमाग धावले.

शेडची दोन्ही दारं सताड उघडी होती. मावळतीचं ऊन थेट आत आलं होतं. दोरीवर आण्णांच्या धोतराची फडकी स्वच्छ धुऊन, झटकून वाळत घातलेली. आणि चौकटीवर आक्का. कपाळाला ठसठशीत कुंकू, खांद्यावर कोरा हिरवा खण. कालपासून त्या पत्र्याखाली मातीचं पांढुरकं ढेकूळ झालं होतं. भांगापासून निघालेली भेग नाकाच्या कडेनं ओठ चिरत हनुवटीपर्यंत गेली होती. एक कान खाली फळीवर पडला होता. मानेत बोट जाईल एवढी फट, आणि तिच्यातून गंजलेली सळी दिसत होती.

आक्का मागून आल्या.

"तुझा बाप जिता हाय अजून. दवाखान्यातनं त्याला माघारी आनलाय मी. आन् त्याच्याच धोतराचं पांढरं फडकं माझ्या तोंडावर? त्ये बी ओलं? सवाष्णीला असलं कोन घालतं रं? नवरात्रात? ती शेजारीन पानी शिपडाय आलती. म्हटलं, बाई, मढ्यावर शिपडत्यात पानी. मी हाय की अजून. जा घराकडं."

विमलाबाई बिचाऱ्या निमूट परत गेल्या असणार. आक्कांपुढं कुणाचं चाललंय?

ह्यांनी वाकून पडलेला कान उचलला, तळहातावर धरला. मला वाटलं, आता हे ओरडतील. ओरडायला हवं होतं. मीच ओरडणार होते, शब्द अगदी जिभेच्या टोकाशी आले होते. पण ती म्हातारी हातातला पदर पिळत उभी होती आणि देवीला नवऱ्याचं आयुष्य मागून आली होती. कुणावर ओरडायचं?

"माती ओली ठेवावी लागती, आक्का," हे शेवटी म्हणाले.

"मग मला सांगायचं न्हाईस व्हय?" मग त्यांचं लक्ष भेगेकडं गेलं. "ह्ये तडं माझ्यापायी गेलं व्हय रं?"

"न्हाई न्हाई. ऊनच तसलं हाय. ती माती जुनीच होती, मी मोडणारच होतो तिला."

आक्कांचा जीव भांड्यात पडला. त्या जवळ गेल्या, कंबरेवर हात ठेवून स्वतःकडं नीट बघितलं, आणि त्यांचा चेहरा पडला. "एवढी म्हातारी दिसती व्हय मी? आन् त्वांड बी उघडं. येड्यावानी."

सोमवारी गुंडू आला. भेग बघून त्यानं नुसती मान हलवली, पण दोस्तासाठी बसला. पातळ शाडू कालवली, भेगेत भरली. ओली माती सुक्या मातीला धरेना. कडा भिजवल्या तर त्या विरघळायला लागल्या, आणि बघता बघता तो ओढलेला खालचा ओठ त्याच्या बोटाखाली वाहून गेला. गुंडूनं हत्यार खाली ठेवलं. "मास्तर, ह्यात काय राम ऱ्हायला न्हाई. भिजत घाला." आक्का चहा घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांच्याकडं बघून तो पुढं बोलला, "आक्का, फडकं काढलं नसतंसा तर हे मुंबईला गेलं असतं बघा."

मेल्याच्या तोंडाला कुलूप नव्हतं. आक्का त्या दिवशी जेवल्या नाहीत. पण त्या काही रडत बसणाऱ्यातल्या नव्हत्या. गावाकडं दसरा केला आणि लगेच परत आल्या. "मी काय मेलो न्हाई. हाय की. पुन्यांदा कर. ह्या बारीला मी नीट बसतो."

आणि नीट बसल्या. ठेवणीतलं इरकल नेसून, केसांना तेल लावून, नाकात नथ घालून, फोटो स्टुडिओत बसतात तसं तोंड घट्ट मिटून. ह्यांनी हातात सूप दिलं तर तांदूळ निवडायच्या, पण एक डोळा मातीवर. एकदा ह्यांनी हळूच विचारलं, "आण्णा कसं हाईत?" मला कळलं, कशासाठी विचारलं ते.

"झ्याक हाईत की," आक्का खुलून म्हणाल्या. "कालच रानात गेलते." आणि सगळा चेहरा हसला.

आण्णा बरे होते. देवाची कृपा. ती भीती पुन्हा त्या तोंडावर यावी, असं कोणत्या तोंडानं मागायचं? मी देवापुढं हात जोडायची आणि काय मागावं ते मला कळायचं नाही.

उठता उठता आक्का मातीजवळ यायच्या आणि बोट लावायच्या. "हितं जरा गाल भर." हे भरायचे. "ही सुरकुती कशाला? असू दे, पन बारीक कर." हे बारीक करायचे. एका संध्याकाळी आक्का देवळात गेल्या होत्या, तेव्हा मला राहवलं नाही. "अहो, कमिटीचं ऐकता तसं त्यांचं काय ऐकताय? तुमच्या ध्यानात आहे ना ती पहिली? तीच करा."

ते हात धूत होते. "शाले, ध्यानात असती तर केली नसती? ती कशी झाली तेच मला ठाऊक न्हाई. मला वाटलं होतं मला कळलंय म्हणून." हात पुसून झाले तरी ते पुसतच राहिले. "मला काय बी कळलेलं नव्हतं."

मुंबईच्या प्रदर्शनाला नाव कळवायची तारीख आली आणि गेली. दिवाळीच्या तोंडावर आम्ही जोतिबाला गेलो. तिथंही मी मुद्दाम चेअरमन लोकांचा विषय काढला, म्हटलं निदान शिव्या तरी देतील. हे पेरू खात म्हणाले, वारणानगरकडचे एक साहेब आलेत, त्यांचं नाक चांगलं आहे, काम सोपं जाईल. गाडीला अजून वेळ आहे का बघून येतो, म्हणाले आणि उठले. मी डोंगरावर एकटी बसून राहिले. इतकी वर्षं त्या रडगाण्याला मी कंटाळले होते, आणि आता ते ऐकायला माझे कान आसुसले होते. माझा नवरा जिवंत होता, पेरू खात होता, आणि मला त्याच्यासाठी गळा काढून रडावंसं वाटत होतं.

दिवाळीनंतरच्या शनिवारी नवा पुतळा घेऊन आम्ही गडमुडशिंगीला गेलो. प्लास्टरचा, वर पितळी रंग. सगळी गल्ली जमली. गाल भरलेले, तोंड मिटलेलं, पदर जिथल्या तिथं. आण्णांनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाले, "आक्का लगनातली दिसाय लागलीया." सगळे हसले. सोप्यात कोनाड्याखाली जागा केली, आक्कांनी स्वतःच्या हातानं स्वतःला कुंकू लावलं. कुणीतरी म्हणालं, मास्तर, असला हात अख्ख्या जिल्ह्यात न्हाई. हे मान डोलवत होते.

माणसं पांगली. आक्कांनी आम्हाला चहा दिला आणि समोर बसल्या. पुतळ्याकडं बघून समाधानानं मान हलवली, आणि मग काहीतरी बरेच दिवस मनात असल्यासारखं विचारलं, "आकाराम, ती पयली कुनाची केलतीस रं? खरं सांग. माझी न्हवतीच ती. मी उगंच भ्यालो."

ह्यांनी बशी खाली ठेवली. मी त्यांच्याकडं बघितलं. वाटलं, आता तरी बोलावं. एकदा तरी.

"न्हाई आक्का," हे म्हणाले. "तुझी न्हवती."

"मग कुनाची?"

"कुनाचीच न्हवती."

"तरीच," आक्का म्हणाल्या, आणि ह्यांच्या बशीत आणखी चहा ओतला.